पाठीच्या मापाची सॅक

हिवाळ्यात रतनगडाहून हरिश्चंद्रगडाकडे आणि उन्हाळ्यात हिमालयाकडे, तीन-चार दिवसांच्या पदभ्रमणास निघणारी तरुण मुले-मुली आता आपल्या व्यापारी घरांतूनही दिसू लागली आहेत. अशा वेळी सॅक घेताना वडीलधारी मंडळी बहुधा म्हणतात, ‘‘जरा मोठीच घ्या, धाकट्यालाही चालेल.’’ कपड्यांच्या बाबतीत ही काटकसर शोभते. सॅकच्या बाबतीत मात्र तिची किंमत मुलाच्या खांद्यांना आणि पाठीला मोजावी लागते.

पूर्वी सॅकची चौकट बाहेरून जोडलेली असे. १९६७ च्या सुमारास अमेरिकेतील ग्रेग लो यांनी ती पिशवीच्या आत नेली. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची किंवा कडक पत्र्याची ही अंतर्गत चौकट ओझे पाठीलगत ठेवते व त्याचा मोठा भाग कमरपट्ट्यावर उतरवते. त्यामुळे अरुंद, चढ-उताराच्या वाटेवर तोल सांभाळणे सोपे जाते. परंतु चौकट पाठीच्या मापाची नसेल, तर कमरपट्टा जागेवर बसत नाही आणि सारा भार खांद्यांवर येतो.

हे माप उंचीवरून ठरत नाही. मान पुढे झुकवली असता मानेच्या मुळाशी जो मणका ठळकपणे हाताला लागतो, तेथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. समान उंचीच्या दोन भावांतही हे अंतर वेगळे असू शकते. म्हणून ज्याने सॅक वाहायची, त्यालाच दुकानात न्यावे.

तीन-चार दिवसांसाठी साधारणतः ५० ते ६५ लिटरची सॅक पुरते. भरलेल्या सॅकचे वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे, हा रूढ संकेत आहे. साठ किलोच्या तरुणासाठी ते बारा किलो होते. जागा मोठी असली की वस्तू वाढतातच. अपरिग्रहाचा अर्थ चढावर पहिल्याच तासात उमगतो.

जड वस्तू पाठीलगत, मध्यभागी ठेवाव्यात. चौविहार पाळणाऱ्यांनी खाखरा, शेव यांचा डबा सर्वांत वर ठेवावा, म्हणजे सूर्यास्तापूर्वी वाटेतही सहज हाती येतो. बहुतेक सॅक नायलॉन वा पॉलिएस्टरच्या असतात. तरीही चामड्याची पट्टी कोठे नाही ना, हे पाहून घ्यावे.

खरेदीपूर्वी सॅकमध्ये आठ-दहा किलो वजन भरून ती पाठीवर घ्यावी. प्रथम कमरपट्टा हाडांवर आवळावा, मग खांद्यांचे पट्टे ओढावेत आणि पंधरा मिनिटे चालावे. नंतर खांद्यांचे पट्टे किंचित सैल करावेत. भार कमरेवरच स्थिर राहिला, तर माप योग्य आहे. सॅक खाली घसरली, तर कितीही सवलत असली तरी ती दुकानातच ठेवावी.