मुक्त कशापासून?

आम्ही वाणिज्य शाखेचे. पेशीशी आमचा संबंध तो काय! पण परवा आई तेलाचा महागडा डबा घेऊन आली, का, तर त्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ छापलेले. शेंगदाण्याच्या तेलात ते मुळी जवळजवळ नसतेच! उलट आपल्या प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणात ते हवेच. उष्णतेत आवरण फार सैल पडू देत नाही, थंडीत ताठरू देत नाही. बाहेरचा निरोप आत पोचविणाऱ्या कित्येक प्रथिनांनाही त्याचा आधार लागतो. म्हणून तर यकृत ते स्वतःच तयार करते. रक्तात अति झाले तर धोका आहेच. पेशी ते रक्तातून कसे उचलतात हे शोधणाऱ्या ब्राऊन व गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. पण जे मालात नव्हतेच, ते काढल्याचा आव आणून जादा पैसे घेणे ही माझ्या मते शुद्ध लबाडी आहे.