संस्थेचं नाव खरं, तरी पत्र स्पॅममध्ये का?

बारावीचे निकाल लागले की शिष्यवृत्तीच्या याद्या, वसतिगृहाचे प्रवेश आणि मुलाखतीच्या तारखा यांची धांदल सुरू होते. आमच्या ओळखीच्या एका शिक्षण ट्रस्टने गेल्या वर्षी मुलाखतीची पत्रं ईमेलने पाठवली. ठरलेल्या दिवशी बरीच मुलं आलीच नाहीत. चौकशी केली तर पत्रं स्पॅममध्ये पडून होती. एका मुलीचे वडील म्हणाले, "आम्हाला वाटलं, तिचं नावच लागलं नाही."

ट्रस्टने सगळं रीतसर केलं होतं. स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं होतं, महिन्याचे पैसे भरून एका मोठ्या कंपनीची ईमेल सेवा घेतली होती. मग चुकलं कुठे? डोमेन घेतलं, पण त्या डोमेनवरून येणारं पत्र खरंच आपलं आहे, याचा पुरावा कुठेच नोंदवला नव्हता.

ईमेलची मूळ रचना 1982 सालची. त्यात पाठवणाऱ्याच्या जागी कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतं, जसं पोस्टाच्या पाकिटावर लिहिता येतं. याच भोकातून फसवणूक शिरली. म्हणून फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलवर पत्र पाठवणाऱ्या प्रत्येक डोमेनला ओळखीचा किमान एक पुरावा हवा, आणि दिवसाला 5,000 हून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना तिन्ही पुरावे हवेत. मे 2025 पासून मायक्रोसॉफ्टने आउटलुक आणि हॉटमेलसाठी मोठ्या प्रमाणात पत्रं पाठवणाऱ्यांवर तसेच नियम लावले. नोव्हेंबर 2025 पासून जीमेलने नियम न पाळणारी पत्रं थेट नाकारण्याचं प्रमाणही वाढवलं. थोडक्यात, पूर्वी संशय सिद्ध करावा लागायचा, आता खरेपणा सिद्ध करावा लागतो.

तीन पुरावे म्हणजे काय?

पहिला एसपीएफ. आपल्या नावाने पत्र पाठवायची परवानगी कोणाकोणाला आहे, त्याची ही जाहीर यादी. दुसरा डीकिम. हा प्रत्येक पत्रावरचा डिजिटल शिक्का. वाटेत पत्रात फेरफार झाला तर शिक्का जुळत नाही. तिसरा डीमार्क. वाचणाऱ्याला दिसणारं डोमेन आणि यादीतलं किंवा शिक्क्यातलं डोमेन एकच आहे का, हे तो बघतो. जुळलं नाही तर पत्राचं काय करायचं, तेही तोच सांगतो: फक्त नोंद घ्या, स्पॅममध्ये टाका किंवा परत पाठवा.

या तिन्ही नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये करायच्या असतात. बहुतेकांची गाडी इथेच अडते. डोमेन एका कंपनीकडून घेतलेलं, वेबसाइट दुसरीकडे आणि ईमेल तिसरीकडे. वेबसाइट हलवताना नेमसर्व्हर बदलले असतील, तर नोंदी नव्या जागी कराव्या लागतात. जुन्या जागी कितीही लिहा, उपयोग शून्य.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एसपीएफच्या दोन नोंदी. आधी गुगलची होती, मग पावत्या पाठवणाऱ्या सेवेची वेगळी जोडली. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन झाल्या की तपासणीच फसते. सगळ्या सेवा एकाच ओळीत लिहायच्या. त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएस चौकशांनाही 10 ची मर्यादा आहे, म्हणून बंद केलेल्या सेवा काढून टाकाव्यात.

तिसरी चूक डीकिमची. गुगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट 365 घेतलं की शिक्का लागतो, पण तो आधी कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा असतो. आपल्या डोमेनचा शिक्का हवा असेल तर अॅडमिन पॅनेलमध्ये जाऊन तो तयार करावा लागतो, डीएनएसमध्ये नोंदवावा लागतो आणि परत येऊन सुरू करावा लागतो. ही शेवटची पायरी हमखास राहून जाते.

डीमार्कमध्ये मात्र घाई नको. आधी 'फक्त नोंद घ्या' ठेवून काही आठवडे अहवाल बघावेत. आपल्या नावाने कोण काय पाठवतंय, ते त्यात दिसतं. देणगीच्या पावत्या किंवा वेबसाइटच्या फॉर्मची पत्रं सुटलेली नाहीत, याची खात्री झाली की मग कडक करावं. पण कायम पहिल्याच पायरीवर थांबलं, तर आपल्या नावाने खोटी पत्रं पाठवणाऱ्याला ती नोंद अडवत नाही.

हा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. रमजानमध्ये जकात आणि मदतीची आवाहनं ईमेलवरूनही फिरतात. आखातातला भाऊ किंवा पुण्यातला मुलगा गावच्या ट्रस्टचं नाव बघून पैसे पाठवतो. त्या नावाने दुसऱ्याच कोणी खातं क्रमांक पाठवला तर? पैसे तर जातातच, पुढच्या वर्षी खऱ्या आवाहनावरही लोक विश्वास ठेवत नाहीत.

अर्थात या नोंदींनी सगळी फसवणूक थांबत नाही. एक अक्षर बदलून मिळतंजुळतं डोमेन घेणाऱ्याला किंवा व्हॉट्सअॅपवर संदेश पाठवणाऱ्याला डीमार्क रोखू शकत नाही. खातं क्रमांक बदलल्याचं पत्र आलं तर ओळखीच्या नंबरवर फोन करूनच खात्री करावी. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या हेल्पलाइनवर तक्रार द्यावी.

बैठकीत काय विचारायचं?

संस्थेच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि पासवर्ड कोणाकडे आहे? अनेकदा तो वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाकडे असतो आणि तो मुलगा आता परदेशात असतो. आपल्या नावाने कोणकोणत्या सेवा पत्रं पाठवतात? आणि तिन्ही पुरावे उत्तीर्ण होतात का? शेवटच्याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं. संस्थेच्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलला पत्र पाठवा, कॉम्प्युटरवर ते उघडा, तीन ठिपक्यांवर क्लिक करून मूळ मेसेज बघा. तिन्ही नावांपुढे 'पास' दिसलं पाहिजे. या नोंदी करायला वेगळा खर्च नाही, एक-दोन दिवसांचं लक्ष हवं.

त्या ट्रस्टने नंतर नोंदी पूर्ण केल्या. यंदा पत्रं इनबॉक्समध्ये पोहोचली. तरी मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यांनी प्रत्येक घरी फोन केला. तेही बरंच केलं, असं आम्हाला वाटतं.