चोपन्न पायऱ्या

रविवारी सकाळी साडेआठला बाबांचा फोन. ना हॅलो, ना 'उठलीस का'. डायरेक्ट हेडलाइन : "तुझी खोली रिकामी करायला कधी येतेस? घर विकतोय आपण."

बाणेरच्या माझ्या भाड्याच्या वन बीएचकेमध्ये मी ताडकन उठून बसले. घर विकतोय म्हणजे? कोथरूडचं? आपलं? ज्याच्या दाराच्या चौकटीवर माझी आणि दादाची उंची पेन्सिलीने लिहिलीय, ते?

तर मंडळी, त्यानंतरचे दोन महिने आमच्याकडे हेच चाललं होतं. आईबाबा थ्री बीएचके सोडून टू बीएचकेमध्ये जाणार. बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टवाल्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर. आणि याला कडाडून विरोध करणारी घरातली एकमेव व्यक्ती कोण, तर जी तिथे राहतच नाही ती. म्हणजे अस्मादिक!

माझे मुद्दे तयार होते. एक, दादा न्यू जर्सीहून आला की राहणार कुठे? बाबा बँकेतून रिटायर झालेत. त्यांनी शांतपणे डायरी उघडली. "गेल्या वर्षी दादा २१ रात्री राहिला, तू ९. बाकीचं वर्षभर आम्ही दोघं तीन बेडरूम झाडतोय."

दोन, रिडेव्हलपमेंट! थांबलात तर लिफ्टही येईल, एरियाही वाढेल. "सहा वर्षं मीटिंगा चालल्यात, अजून बिल्डर ठरेना," बाबा म्हणाले. "ठरलाच तर आणखी तीन वर्षं भाड्याच्या घरात. माझं वय ६७. आणि मला एरिया वाढवून नकोय गं, कमी करून हवाय."

तीन, "पण आठवणींचं काय?" यावर बाबा काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, जिंकले!

मग एका शनिवारी खोली आवरायला गेले. अकराच्या सुमारास खालून भाजीवाल्याची हाक आली. आईने गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडली. मला काय कौतुक! मी फोटो काढायला मोबाइल घेऊन धावले. तेव्हा लक्षात आलं, खुंटीला अशा तीन पिशव्या होत्या. एक भाजीची, एक औषधांची, एक किराण्याची.

"आई, तू खाली जातच नाहीस का?"

"जाते की. दिवसातून एकदा. संध्याकाळी. चोपन्न पायऱ्या आहेत, उगाच दोनदा कशाला?"

मी या जिन्यावरून हजारो वेळा धावलेय. त्या चोपन्न आहेत हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल असतं. मला वाटायचं, वॉचमनचं असेल. ते आईचं होतं. चढताना टेकायला. दिवाळीनंतर तिने भजनी मंडळ सोडलं, तेव्हा फोनवर म्हणाली होती, "कंटाळा आला." मी म्हटलं होतं, "बरं झालं, आराम कर." कंटाळा कसला, गुडघे होते ते!

दुपारी मी माझं कपाट उघडलं. मास कॉमच्या नोट्स, बंद पडलेला लॅपटॉप, न बसणाऱ्या चार जीन्स, वक्तृत्वाच्या ट्रॉफ्या. ज्याला मी 'आपलं घर' म्हणत होते, ते माझं फुकटचं गोडाऊन होतं. आणि त्याचं भाडं आई गुडघ्यांनी भरत होती.

त्यानंतर वाद मिटला. माळा रिकामा झाला. पितळेची मोठी पातेली मोडीत गेली, पुस्तकं वाचनालयाला दिली. (जुन्या साड्यांसाठी बोहारणीला हाक मारली, तर तिसरा मजला म्हटल्यावर तिने खालूनच हात जोडले!) चौकटीचा मी फोटो काढून ठेवला.

तुमच्या घरीही हा विषय निघाला असेल, तर आम्ही शिकलेल्या तीन गोष्टी :

टेप घेऊन घर बघा. महारेराने २०२४ साली ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना किमान निकष ठरवून दिले. लिफ्ट, ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणाऱ्या फरशा वगैरे. आईला फक्त ज्येष्ठांच्या सोसायटीत जायचं नव्हतं, तिला खाली पोरांचा दंगा हवा होता. पण यादी आम्ही तीच वापरली. एका बिल्डिंगमध्ये लिफ्ट झकास होती, फक्त लिफ्टपर्यंत पोचायला सात पायऱ्या होत्या. कॅन्सल!

सीएला आधी भेटा, एजंटला नंतर. जुनं घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल आणि विक्रीच्या आधी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षांच्या आत दुसरं तयार घर घेतलं, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर लागत नाही. लहान घरात जाणाऱ्यांसाठी मेख इथेच आहे. नवं घर नफ्यापेक्षा स्वस्त पडलं, तर उरलेल्या नफ्यावर टॅक्स भरावा लागतो. तो आधीच हिशेबात धरा.

नाव कुणाचं, तेही आधीच विचारा. महाराष्ट्रात २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. आम्ही खूश! पण जुनं घर बाबांचं, मग नवं एकट्या आईच्या नावावर घेतलं तर आधीच्या करसवलतीवरून प्रश्न निघू शकतात, असं सीए म्हणाले. म्हणून दोघांची नावं लावली. १ टक्का गेला. दारावरच्या पाटीवर मात्र आईचं नाव वर आहे, आणि ते बाबांनीच सांगून करून घेतलं.

मागच्या महिन्यात शिफ्टिंग झालं. टेम्पोत सामान चढवताना मी ते निळं स्टूल उचललं, तर आई म्हणाली, "राहू दे तिथेच. समोरच्या काकूंना लागतं."

काल संध्याकाळी सातला फोन केला, आईने उचलला नाही. साडेसातला केला, तरी नाही. शेवटी बाबांना लावला. "अगं, ती खाली गेलीय," बाबा म्हणाले. "आज तिसऱ्यांदा."

तुमचे आईबाबा कितव्या मजल्यावर राहतात? पुढच्या वेळी जाल तेव्हा पायऱ्या मोजा. आणि हो, स्वतःचं कपाटही उघडून बघा.