छातीत दुखतंय : सीटी अँजिओ की नळीची अँजिओग्राफी?

"डॉक्टर, हल्ली सीटी स्कॅनवर अँजिओग्राफी होते म्हणे. मग नळी कशाला घालायची?" छातीत दुखणारा रुग्ण दाखल झाला की नातेवाईक हे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर ईसीजी आणि ट्रोपोनिन या रक्ततपासणीवर ठरतं.

ईसीजीत एसटी भाग वर उचललेला असेल तर रक्तवाहिनी बहुधा पूर्ण बंद झालेली असते आणि हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. अशा वेळी सीटीचं नावही काढू नका. सीटी ब्लॉकेज दाखवेल, उघडणार नाही. नळीच्या वाटेने मात्र लगेच फुगा आणि स्टेंट टाकता येतो. वेळेत कॅथलॅब गाठता येणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी, प्रवास नंतर. ट्रोपोनिन स्पष्ट वाढलेलं असेल तरीही माझं मत सहसा नळीच्याच बाजूने असतं.

ईसीजी साधा, ट्रोपोनिन दोनदा नॉर्मल, तरी शंका उरते, तिथे सीटी कामाची. वाहिन्या स्वच्छ दिसल्या तर रुग्ण बहुतेक वेळा निर्धास्त घरी जातो. अशा रुग्णाला कुणी थेट कॅथलॅबमध्ये नेत असेल, तर "आधी सीटी चालेल का?" असं जरूर विचारा.

पण मग सगळ्यांचीच सीटी का करू नये? ब्रिटनमधल्या ३७ रुग्णालयांत मध्यम धोक्याच्या १,७४८ रुग्णांवर हे तपासलं गेलं. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. लवकर सीटी केलेल्यांत वर्षभरात मृत्यू किंवा हार्ट अटॅकचं प्रमाण ५.८ टक्के, इतरांत ६.१; म्हणजे फरक नाहीच. नळीची अँजिओग्राफी मात्र ६०.८ टक्क्यांवरून ५४ वर आली. शंभरात सहा-सात जणांची नळी टळली, एवढाच फायदा. त्यासाठी सरसकट सीटी मला पटत नाही.

शिवाय सीटी म्हणजे अगदी निरुपद्रवी, हाही गैरसमजच. आयोडीनचा डाय आणि क्ष-किरण दोन्हींत असतात, त्यामुळे किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. सीटीसाठी हृदयाचे ठोके साठ-पासष्टपर्यंत खाली आणावे लागतात. वाहिन्यांत कॅल्शियम साठलेल्या वयस्कर मधुमेह्यांत चित्र धूसर येतं आणि शेवटी नळी घालावीच लागते. ती आता बहुतेकदा मनगटातून जाते. मांडीतून घालायचे तेव्हाची भीती लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही.

आणि छातीत दुखत असताना "आधी स्ट्रेस टेस्ट करून बघू" म्हणत ट्रेडमिलवर चढू नका.