रोजचे फडके आणि गाडीचा रंग

पुण्यात गाडीची निगा राखणे म्हणजे ती रोज पुसून घेणे, असे बहुतेक घरांनी धरून चालले आहे. सोसायटीत पहाटे येणारा गाडी पुसणारा एक बादली आणि एक फडके घेऊन ओळीने गाड्या उरकतो. रविवारी नळाला पाईप लावून गाडी सचैल धुतली जाते. वर्षातून एकदा सर्व्हिसिंगच्या वेळी रबिंग-पॉलिश करून घेतले, की गाडीसाठी करण्यासारखे सगळे केल्याचे समाधान मिळते. या तिन्ही गोष्टींनी रंग टिकत नाही, उलट झिजतो, असे माझे म्हणणे आहे. आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा, दोन-तीन बादल्या पाण्यात, सावलीत, स्वतःच्या हातांनी गाडी धुवावी. पॉलिश क्वचित करावे आणि वॅक्स मात्र नेमाने लावावे. यात पाणी वाचतेच. पण पाण्याचा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवून केवळ गाडीचे हित पाहिले, तरी उत्तर हेच येते.

आधी रंग म्हणजे नेमके काय ते पाहू. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे मिळून साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा-दहावा भाग. त्यातला क्लिअर कोट सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही पातळ. आपण जिला चमक म्हणतो ती या थराची, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवण्याचे कामही त्याचेच. आता पुण्याची धूळ पाहा. खडी, क्रशरची वाळू, सिमेंट, मेट्रो आणि उड्डाणपुलांच्या कामांची माती, टेकड्या फोडून निघालेला मुरूम हे सगळे आपल्या बोनेटवर येऊन बसते. वाळूतला क्वार्ट्झ खनिजांच्या काठिण्यश्रेणीत सातव्या क्रमांकावर आहे. क्लिअर कोट त्याच्यापुढे फार मऊ. या धुळीवरून ओलसर फडके दाबून फिरवले, की तेच फडके काचकागदाचे काम करते. तेच फडके त्याच बादलीत बुडवून दहाव्या गाडीवर फिरते, तेव्हा आधीच्या नऊ गाड्यांची वाळू त्यात असते. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर सूर्यप्रकाश पडल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल-गोल ओरखडे दिसतात, ते रस्त्यावर पडत नाहीत, पुसण्याने पडतात. पांढऱ्या गाडीवरही ते असतात, फक्त नजरेला येत नाहीत.

यावर हमखास विचारले जाते की धूळ तशीच राहू दिली तर रंग खराब होणार नाही का? कोरडी धूळ नुसती बसून राहिल्याने रंगाचे फारसे बिघडत नाही. ती घासली जाते तेव्हा बिघडते. रत्नागिरीला किंवा मुंबईत समुद्राची खारी हवा पत्र्याला खाते, तिथे गाडी वरचेवर साध्या पाण्याने विसळण्याला कारण आहे. पुणे समुद्रापासून दूर आहे आणि वर्षाचे सात-आठ महिने इथली हवा कोरडी असते. रोज पुसायच्याच असतील तर काचा, आरसे आणि दिवे पुसावेत, कारण तो सुरक्षेचा प्रश्न आहे, आणि तेही स्वच्छ ओल्या फडक्याने. एक अपवाद मात्र कसोशीने पाळायला हवा. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांवरून गळणारा चिकट स्राव यांना रविवारची वाट पाहायला लावू नये. जुन्या पुण्यातल्या रस्त्यांवर वड आणि पर्जन्यवृक्षांची सावली आहे, आणि त्या सावलीत गाडी लावण्याची ही किंमत आहे. विष्ठेतले युरिक आम्ल उन्हात तापले की क्लिअर कोटमध्ये उतरते आणि तिथे कायमचा डाग राहतो. ओले फडके त्यावर पाच मिनिटे ठेवावे, मऊ झाले की न घासता उचलून घ्यावे.

पाईपने धुण्याची बाजू घेणारे म्हणतील, आम्ही घासतच नाही, भरपूर पाणी सोडतो. पाईप लावल्यावर साध्या नळाचेही मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी जाते. दहा मिनिटांत शंभर ते दीडशे लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी दिवसाचा मानक आकडा १३५ लिटर आहे, म्हणजे एका माणसाचे दिवसाचे पिणे, स्वयंपाक, अंघोळ, कपडे, सगळे त्या दहा मिनिटांत गटारात जाते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी आहे. त्यातूनच दौंड आणि इंदापूरच्या शेतीला कालव्याने पाणी जाते. दर उन्हाळ्यात कालवा समितीच्या बैठकीत शहराला किती आणि शेतीला किती, यावर रस्सीखेच होते. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूवर जलसंकट आले तेव्हा तिथल्या जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून पाच हजार रुपये दंड ठेवला. तशी वेळ येण्याची वाट पुण्याने पाहायचे कारण नाही.

पाण्याचे प्रमाण सोडा, पाण्याची जातही बघायला हवी. वाघोली, उंड्री यांसारख्या टँकरवर अवलंबून असलेल्या भागांत आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या असंख्य इमारतींत पाणी जड असते. बेसाल्टच्या भेगांतून आलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाईपने धुऊन गाडी उन्हात तशीच वाळू दिली, की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरे वर्तुळ उरते. ते लवकर निघाले नाही तर पुढे पॉलिशशिवाय निघत नाही, आणि पॉलिश म्हणजे रंगाची झीज. भरपूर पाण्याने धुतलेली गाडी अशी नुकसानीकडे जाते.

मग घरी धुवायची कशी? वेळ सकाळची किंवा ऊन उतरल्यावरची निवडावी. पत्रा हाताला गार लागला पाहिजे, नाहीतर साबण धुवायच्या आतच वाळून बसतो. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा शांपू आणि दुसरीत साधे पाणी. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नये; तेलकटपणा काढण्यासाठीच ते बनवलेले असल्याने वॅक्सचा थरही खरवडून नेतात. सुरुवात मगाने वरून पाणी सोडत धूळ खाली वाहू देण्यापासून करावी, आणि या टप्प्यावर गाडीला फडके लावण्याचा मोह आवरावा, कारण जितकी वाळू पाण्यासोबत जाईल तितके ओरखडे कमी. मग टपापासून खाली येत, एका वेळी एकच भाग, मायक्रोफायबरच्या जाड हातमोज्याने किंवा फडक्याने, जवळपास भार न देता, सरळ रेषेत पुसावा. प्रत्येक भागानंतर फडके आधी साध्या पाण्याच्या बादलीत खळखळून पिळावे आणि मगच शांपूच्या पाण्यात बुडवावे. एवढ्या एका सवयीत निम्मे काम आहे. फडके जमिनीवर पडले तर ते त्या दिवसापुरते बाद. दारांचा खालचा भाग शेवटी घ्यावा, आणि चाकांना वेगळे फडके ठेवावे, कारण ब्रेकमधून झडलेली धातूची भुकटी चाकांवर असते. मगाने विसळून झाले की पाणी वाळायच्या आत मऊ, कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्यावे. सगळे मिळून तीन बादल्यांत, चाळीस-पन्नास लिटरमध्ये, गाडी होते. पावसाळ्यात हिशोब थोडा बदलतो. चाकांच्या वरच्या पोकळीत आणि गाडीच्या पोटाला चिकटलेला चिखल ओल धरून ठेवतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून तिथे पाणी वापरायला हात आखडू नये.

नवशिके सर्वाधिक चुकतात ते पॉलिश आणि वॅक्सच्या बाबतीत, आणि या चुकीचा भुर्दंडही सर्वांत मोठा. दोन्हींनी गाडी चमकते, म्हणून दोन्ही एकच समजली जातात. प्रत्यक्षात त्यांची कामे उलटी आहेत. पॉलिशमध्ये बारीक घर्षणकण असतात. ते ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून सपाट करतात आणि ओरखडा दिसेनासा होतो. म्हणजे पॉलिश काढून घेते. वॅक्स वरून एक पातळ थर देते. ऊन, क्षार, विष्ठा यांचा पहिला मारा तो थर झेलतो आणि झिजून जातो, रंग शाबूत राहतो. रबिंग कंपाउंड तर पॉलिशहूनही खरखरीत. चाळीस मायक्रॉनच्या थरातून दरवर्षी मशिनने थोडे-थोडे काढत गेलो, तर काही वर्षांत कडांवर आणि बोनेटच्या उंचवट्यांवर तो थर संपतो, रंग पांढुरका पडतो, आणि मग पुन्हा रंगवण्याखेरीज इलाज नसतो. पॉलिशला म्हणूनच कारण लागते. ओरखड्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले, तर तो ओरखडा क्लिअर कोटच्या खाली गेलेला असण्याचा संभव आहे आणि पॉलिशने जाणार नाही. अडकले नाही, तर बारीक पॉलिश हाताने, तेवढ्याच जागी लावून बघावे. हाताने करण्यात एक संरक्षण आहे. मशिनच्या वेगाने रंग जाळण्याइतकी उष्णता हातातून निर्माण होत नाही. जुन्या किंवा क्लिअर कोट नसलेल्या रंगाच्या गाडीवर पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंग उतरतो. तो दिसला की थांबलेले बरे.

वॅक्स लावायला कौशल्य फारसे लागत नाही, धीर लागतो. बाजारातल्या अनेक वॅक्समध्ये कार्नोबा असते. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे हे मेण ८२ अंश सेल्सियसच्या पुढेच वितळते, म्हणून आपल्या एप्रिल-मेमध्ये तापलेल्या पत्र्यावरही तग धरते. धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या गाडीवर, सावलीत, स्पंजाने अगदी पातळ हात द्यावा. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसताना दमछाक मात्र होते. थर धुरकट दिसू लागला की स्वच्छ मायक्रोफायबरने काढावा. काळ्या प्लॅस्टिकवर ते लागू देऊ नये, तिथे पांढरे डाग राहतात. पाणी शिंपडल्यावर थेंब गोल राहून घरंगळत असतील तर वॅक्स जिवंत आहे. पाणी पसरून बसू लागले की पुन्हा लावायची वेळ झाली. दोन-तीन महिन्यांनी एकदा लावले तरी पुरते, आणि वॅक्स असलेली गाडी धुवायलाही सोपी जाते, कारण धूळ तितकी घट्ट चिकटत नाही.

सिरॅमिक कोटिंग केले की यातले काहीच करावे लागत नाही, असा समज अलीकडे पसरला आहे. हे कोटिंग वॅक्सहून कितीतरी जास्त टिकते, यात शंका नाही. पण तेही काही मायक्रॉनहून जाड नसते, आणि वाळूच्या फडक्यापुढे त्याचेही चालत नाही. हजारो रुपये भरून कोटिंग करायचे आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच बादलीतल्या त्याच फडक्याने गाडी पुसून घ्यायची, यात पैसे वाया जातात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. महापालिकेच्या जलवाहिन्यांतून मोठ्या प्रमाणावर गळती होते, उसाला बेसुमार पाणी जाते, मग माझ्या दोन बादल्यांनी काय होणार? गळती थांबवण्याची जबाबदारी महापालिकेचीच आहे आणि ती मागणी नेटाने लावून धरायला हवी. पण ते काम होईपर्यंत माझ्या गाडीचा रंग थांबून राहणार नाही. पाईप बंद करण्याचा फायदा पहिल्यांदा मलाच होतो, शहराला होतो तो त्यानंतर, आणि म्हणूनच हा उपाय लोकांच्या त्यागावर अवलंबून नाही.

गाडी पुसणाऱ्याच्या पोटाचे काय, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अनेक कुटुंबे या कामावर चालतात, आणि 'स्वतः धुवा' म्हणताना त्यांची कमाई काढून घेणे अन्यायाचे ठरेल. ज्यांना वेळ नाही किंवा वयामुळे वाकता येत नाही, त्यांच्यासाठी तर हीच माणसे आधार आहेत. दोष त्यांच्या कामात नाही, आपण जे मागतो त्यात आहे. तीस दिवस पुसण्याच्या पैशांत चार वेळा नीट धुण्याचे काम त्यांना द्यावे, पैसा तेवढाच ठेवावा, आणि गाडीमागे दोन बादल्या व चार मायक्रोफायबर फडकी मालकाने स्वतः पुरवावीत. कष्ट कमी होतील, कौशल्य वाढेल, आणि पुढे पॉलिश-वॅक्सचे कामही ते स्वतंत्रपणे घेऊ शकतील.

हे एकेकट्याने करण्यापेक्षा सोसायटीने मिळून केले तर लवकर रुळते. वाहनतळावर पाईपने धुण्यास मनाई करावी. धुण्याची जागा अशी ठरवावी की साबणाचे पाणी पावसाळी गटारात आणि तिथून आंबील ओढ्यात किंवा मुठेत न जाता मैलावाहिनीत जाईल. जिथे स्वतःचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे तिथे चाकांसाठी आणि गाडीच्या पोटासाठी ते पाणी उपलब्ध करावे. रंगावर मात्र ते नको, त्यात क्षार असतात. गाडी पुसणाऱ्यांच्या मोबदल्याचा करारही त्याच ठरावात यावा, म्हणजे कामाचे दिवस कमी झाले म्हणून कोणी पैसे कापणार नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात, आणि गाड्या धुऊन पुजण्याचा दसरा बहुतेक वर्षी त्यानंतर येतो. सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय यायचा असेल, तर सचिवांकडे लेखी पत्र ऑगस्टमध्येच द्यावे.