विश्लेषण: जनुकावर कुणाची मालकी असू शकते का? निकाल लागूनही वाद का संपत नाही?

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये एक विधेयक पुन्हा मांडण्यात आलं. रिपब्लिकन पक्षाचे थॉम टिलिस आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे ख्रिस कून्स यांनी ते मांडलं. पेटंट कशावर मिळू शकतं आणि कशावर नाही, याचे नियम बदलणारं हे विधेयक आहे.

त्यातली एक तरतूद थेट आपल्या पेशींपर्यंत पोहोचते. माणसाच्या शरीरात जसं आहे तसं जनुक पेटंटच्या कक्षेबाहेर राहील, असं विधेयक म्हणतं. पण तेच जनुक शरीरातून वेगळं काढलं किंवा शुद्ध केलं, तर ते 'जसंच्या तसं' धरलं जाणार नाही.

वाचताना हा फरक किरकोळ वाटेल. पण 'वेगळं काढलेलं' या शब्दांवरच अमेरिकेत चार वर्षं खटला चालला. त्या चार वर्षांत प्रश्न फक्त कायद्याचा नव्हता. स्तनांचा कर्करोग होण्याचा आपल्याला किती धोका आहे, हे जाणून घेण्यासाठी एका बाईला किती पैसे मोजावे लागतील आणि शंका आली तर दुसऱ्या लॅबमध्ये जाता येईल का, हा तो प्रश्न होता.

जनुकावर पेटंट म्हणजे नेमकं काय?

आधी एक गैरसमज दूर करू. जनुकावर पेटंट म्हणजे तुमच्या शरीरावर कंपनीची मालकी नव्हे. पेटंट म्हणजे साधारण २० वर्षांसाठी इतरांना अडवण्याचा हक्क. पेटंटमधली वस्तू दुसऱ्या कुणी परवानगीशिवाय बनवायची नाही, वापरायची नाही आणि विकायचीही नाही.

अडचण अशी की जनुक तपासायचं तर ते आधी पेशीतून वेगळं काढावं लागतं. वेगळं काढलेल्या जनुकावरच पेटंट असेल, तर ती तपासणी करणारी प्रत्येक लॅब पेटंटचं उल्लंघन करते. म्हणजे जनुक तुमचंच राहतं, पण ते वाचून दाखवण्याचा हक्क एकाच कंपनीकडे जातो.

हे एखाद-दुसऱ्या जनुकापुरतं नव्हतं. २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानुसार माणसाच्या जवळपास एक पंचमांश जनुकांवर अमेरिकेत कुणा ना कुणाचा पेटंटचा दावा होता.

मिरियाडचं प्रकरण काय होतं?

१९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग या शास्त्रज्ञ महिलेने दाखवून दिलं की, काही कुटुंबांत पिढ्यानपिढ्या दिसणाऱ्या स्तनांच्या कर्करोगाचं मूळ १७ व्या गुणसूत्रावर आहे. ते नेमकं जनुक शोधण्याची शर्यत सुरू झाली. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातली 'मिरियाड जेनेटिक्स' ही कंपनी आणि तिच्या सोबतच्या संशोधकांनी ते शोधलं. त्याचं नाव बीआरसीए-१. पाठोपाठ बीआरसीए-२ हे जनुकही सापडलं.

ही जनुकं सगळ्यांच्याच शरीरात असतात. एरवी ती डीएनएची दुरुस्ती करून कर्करोगापासून आपलं रक्षण करतात. पण त्यात घातक बदल घेऊन जन्मलेल्या स्त्रियांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जणींना आयुष्यात कधी ना कधी स्तनांचा कर्करोग होतो. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही बराच वाढतो. त्यामुळे या चाचणीच्या रिपोर्टवर शस्त्रक्रियेसारखे मोठे निर्णय घेतले जातात.

मिरियाडने दोन्ही जनुकांवर पेटंट घेतली आणि १९९६ मध्ये चाचणी बाजारात आणली. तीच चाचणी करणाऱ्या इतर लॅबना कंपनीने नोटिसा पाठवल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लॅबलाही काम थांबवावं लागलं. चाचणीची किंमत ३,००० डॉलरच्या वर गेली.

किमतीपेक्षाही गंभीर गोष्ट वेगळीच होती. २००६ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. कर्करोगाचा दाट इतिहास असलेल्या, पण चाचणीत 'दोष नाही' असा रिपोर्ट मिळालेल्या ३०० कुटुंबांची त्यात फेरतपासणी केली होती. त्यातल्या सुमारे १२ टक्के कुटुंबांत बीआरसीए जनुकांतले मोठे बदल नेहमीच्या चाचणीतून निसटले होते. हे बदल पकडणारी जोडचाचणी मिरियाडने नंतर आणली, तीही वेगळे पैसे आकारून.

आपल्याकडे मोठं ऑपरेशन सांगितलं की घरचे म्हणतात, 'आणखी एका डॉक्टरांना दाखवून घेऊ.' इथे ती सोयच नव्हती, कारण दुसरी लॅब नव्हती.

कोर्टाने काय ठरवलं?

मे २००९ मध्ये रुग्ण, डॉक्टर, संशोधक आणि 'असोसिएशन फॉर मॉलिक्युलर पॅथॉलॉजी'सारख्या संघटनांनी मिरियाडविरुद्ध न्यूयॉर्कच्या कोर्टात धाव घेतली. २०१० मध्ये तिथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. वरच्या कोर्टाने तो बराचसा फिरवला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

मिरियाडचं म्हणणं होतं, शरीरात जनुक एका लांबलचक साखळीचा भाग असतं, ते तोडून वेगळं काढलं की नवा रासायनिक पदार्थ तयार होतो. समोरच्यांचं म्हणणं होतं, नदीतला गोटा उचलून घरी आणला म्हणून तो तुम्ही घडवला असं होत नाही.

१३ जून २०१३ रोजी सुप्रीम कोर्टाने ९-० असा निकाल दिला. निसर्गात आढळणारं जनुक केवळ वेगळं काढलं म्हणून त्यावर पेटंट मिळणार नाही. शोध कितीही मोठा असला, तरी निसर्गात असलेली गोष्ट सापडणं म्हणजे नवी गोष्ट बनवणं नाही.

पण कोर्टाने एक दार उघडं ठेवलं. जनुकातला अनावश्यक मजकूर गाळून लॅबमध्ये एमआरएनएवरून तयार केलेली प्रत, म्हणजे 'सीडीएनए', निसर्गात तशी आढळत नाही. त्यामुळे त्यावर पेटंट मिळू शकतं, असं कोर्टाने म्हटलं.

या निकालाच्या महिनाभर आधीच अभिनेत्री अँजेलिना जोलीने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून, बीआरसीए-१ मधल्या दोषामुळे आपण दोन्ही स्तन काढून घेतल्याचं सांगितलं होतं. चाचणीची किंमत अनेकींना परवडत नाही, याचाही उल्लेख तिने केला होता. निकालानंतर लगेचच इतर कंपन्यांनी स्वस्तातल्या चाचण्या जाहीर केल्या.

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं हायकोर्ट त्याहून पुढे गेलं. तिथलं सर्वोच्च न्यायालय असलेल्या या कोर्टाने मिरियाडचे तिथल्या पेटंटमधले सीडीएनएपर्यंत पोहोचणारे दावेही रद्द केले. युरोपात मात्र १९९८ च्या निर्देशानुसार, उपयोग दाखवता आला तर वेगळं काढलेल्या जनुकावर आजही पेटंट मिळू शकतं.

मग मक्तेदारी संपली का?

पेटंटची संपली. माहितीची संपली नाही.

जनुक वाचणं हे आता तुलनेने सोपं काम आहे. अवघड आहे ते त्याचा अर्थ लावणं. बीआरसीए जनुकांत हजारो प्रकारचे बदल आढळतात. काही घातक असतात, काही निरुपद्रवी, आणि काहींबद्दल अजून ठरवताच येत नाही. अशा बदलांना रिपोर्टमध्ये 'व्हीयूएस' म्हणतात, म्हणजे अर्थ अनिश्चित असलेला बदल.

हा अर्थ लावायचा तर लाखो लोकांचे रिपोर्ट आणि त्यांच्या कुटुंबांचा इतिहास एकत्र पाहावा लागतो. एवढी वर्षं बाजारात एकटी असल्यामुळे मिरियाडकडे असा प्रचंड साठा जमला होता. साधारण २००४ पासून कंपनीने तो सार्वजनिक डेटाबेसला देणं थांबवलं. निकालानंतर चाचणी कुणीही करू शकत होतं, पण अर्थ लावण्याची सगळ्यात मोठी वही मिरियाडच्या कपाटात होती.

यावर डॉक्टर आणि रुग्णांनीच उपाय काढला. त्यांनी आपापले रिपोर्ट नाव-गाव काढून 'क्लिनव्हार' या अमेरिकी सरकारी डेटाबेसमध्ये जमा करायला सुरुवात केली. जी माहिती रुग्णांच्याच रक्तातून आली होती, ती पुन्हा एकदा रुग्णांकडूनच गोळा करावी लागली.

प्रथिनांचं काय?

जनुक ही कृती आणि प्रथिन हा तयार पदार्थ, असं ढोबळमानाने म्हणता येईल. बरीच महागडी आधुनिक औषधं ही प्रथिनंच आहेत. शरीरातलं प्रथिन जसंच्या तसं असेल तर पेटंटला अडचण येते. पण त्याला जाऊन चिकटणारी, लॅबमध्ये घडवलेली अँटीबॉडी ही माणसाने बनवलेली गोष्ट ठरते.

वाद आहे तो अशा पेटंटच्या व्याप्तीचा. अ‍ॅमजेन कंपनीने कोलेस्टेरॉलशी संबंधित 'पीसीएसके-९' या प्रथिनाला रोखणारी अँटीबॉडी तयार केली. पेटंटमध्ये तिने २६ अँटीबॉडींची रचना दिली, पण दावा केला तो त्या प्रथिनाच्या ठरावीक भागाला चिकटून त्याचं काम थांबवणाऱ्या सगळ्याच अँटीबॉडींवर. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हे दावे ९-० असे फेटाळले. जेवढं शिकवलंत तेवढ्यावरच हक्क सांगा, असा त्याचा मथितार्थ.

भारतात कायदा काय सांगतो?

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातलं तिसरं कलम इथे महत्त्वाचं आहे. ३(सी) नुसार निसर्गात आढळणाऱ्या सजीव किंवा निर्जीव गोष्टीचा निव्वळ शोध हे 'इन्व्हेन्शन' नाही. ३(आय) नुसार माणसावरच्या उपचाराच्या आणि निदानाच्या पद्धतींवर पेटंट मिळत नाही. पेटंट कार्यालयाच्या मार्च २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर निसर्गातून थेट वेगळी काढलेली जनुकं आणि प्रथिनं पेटंटयोग्य नाहीत, असं स्पष्टच लिहिलं आहे. ही तत्त्वं अमेरिकेतल्या निकालाच्या काही महिने आधीची आहेत.

पण 'निदानाची पद्धत' म्हणजे काय? रक्त लॅबमध्ये नेऊन केलेली तपासणी त्यात धरायची का? ऑक्टोबर २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने यावर निकाल दिला. शरीराबाहेर केलेली चाचणीही निदानात मोडू शकते, मात्र त्या प्रक्रियेतून आजार ओळखता येतो का हे पाहावं लागेल, असं न्यायालयाने म्हटलं. शिवाय बंदी पद्धतीवर आहे. त्यासाठी लागणाऱ्या नव्या किट किंवा उपकरणावर पेटंट मिळू शकतं.

लॅबमध्ये घडवलेल्या प्रथिनांवरही भारतात पेटंट मिळतं आणि त्याचा फरक थेट बिलात दिसतो. स्तनांच्या कर्करोगाच्या एका प्रकारात 'हर-२' या प्रथिनाचा अतिरेक होतो. त्याला रोखणारी अँटीबॉडी म्हणजे रोश कंपनीचं ट्रास्टुझुमॅब. औषध फार महाग असल्याची ओरड वाढल्यावर २०१२ मध्ये रोशने पुण्याच्या एमक्युअरसोबत ते वेगळ्या नावाने, कमी किमतीत आणलं. २०१३ मध्ये कंपनीने भारतातलं पेटंट सोडून दिलं. त्यानंतर बायोकॉन आणि मायलन यांची आवृत्ती सुमारे २५ टक्के कमी किमतीत आली. रोशने मग या औषधाच्या मंजुरीलाच दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. पेटंट गेलं, तरी भांडण सुरूच राहिलं.

मग पेटंट नकोच का?

एवढं सोपं नाही. नवी चाचणी किंवा औषध तयार करायला वर्षं जातात आणि प्रचंड पैसा लागतो. संरक्षण नसेल तर गुंतवणूक कोण करेल, हा टिलिस-कून्स विधेयकाच्या समर्थकांचा सवाल आहे. त्यांचा आणखी एक मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पेटंट घ्यायचं तर शोध जगापुढे मांडावा लागतो. पेटंटच मिळणार नसेल, तर कंपन्या सगळंच गुपित ठेवतील.

पण मिरियाडच्या बाबतीत पेटंटही होतं आणि गुपितही. एकाने दुसऱ्याला आळा घातला नाही. उलट पेटंटमुळे मिळालेल्या मोकळ्या मैदानातच माहितीचा साठा उभा राहिला. सिनेटमधल्या चर्चेत हा अनुभव मोजला जातो का, हे पाहायला हवं.

तुमच्या-माझ्यासाठी याचा अर्थ काय?

भारतात जनुकावर पेटंट मिळत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण आपली अडचण माहितीच्या अंगाने येते. जगातला जनुकीय डेटा मोठ्या प्रमाणावर युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. त्यामुळे इतरांच्या रिपोर्टमध्ये 'व्हीयूएस' हा शेरा जास्त वेळा येतो. चाचणीचे पैसे भरायचे आणि उत्तर मिळायचं 'माहीत नाही'.

'जिनोम इंडिया' प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जिनोम वाचले गेले. जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली करण्यात आली. ती फरिदाबादच्या सरकारी केंद्रात ठेवली आहे. १४० कोटींच्या देशात हा आकडा लहान आहे, पण सुरुवात सार्वजनिक तिजोरीतून झाली, हे महत्त्वाचं.

उद्या तुमच्या घरात कुणाला जनुकीय चाचणी सांगितली, तर लॅबला तीन प्रश्न जरूर विचारा. रिपोर्टमधला अर्थ कोणत्या डेटाबेसवरून लावला? अनिश्चित बदलाचा अर्थ पुढे कळला, तर आम्हाला कळवणार का? आणि आमची माहिती तुम्ही सार्वजनिक डेटाबेसला देणार, की स्वतःपाशीच ठेवणार?

जनुक कुणाचं, याचं उत्तर अमेरिकेच्या कोर्टाने २०१३ मध्ये दिलं आणि तिथली संसद ते बदलूही शकते. जनुकाबद्दलचं ज्ञान कुणाचं, याचं उत्तर मात्र अजून कुठल्याच कायद्याने नीट दिलेलं नाही.