कुंडीतली मेथी आणि खालची बशी

पाऊस ओसरला की सोमाटण्यात गच्चीवर, अंगणात मेथी-पालक पेरले जातात. मेथी तीन-चार दिवसांत उगवते. पालक आठवडाभर वाट पाहायला लावतो. कोवळ्या पानांवर मावा दिसला की लगेच कीटकनाशक फवारू नये. पालेभाजी महिन्याभरात ताटात येते. विषाचा अंश उतरायला तेवढा अवधी पुरेलच असे नाही. पाने पाण्याने धुतली तरी बराचसा मावा जातो.

मला जास्त काळजी वाटते ती कुंडीखालच्या बशीची. डेंग्यूचा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. बशी दर आठवड्याला रिकामी करून घासावीच. नुसते पाणी ओतून दिले तर कडेला चिकटलेली अंडी राहतात, आणि ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. भाजीवर लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते, जेवणावरचा चहा ते अडवतो. पण चार कुंड्यांच्या भरवशावर गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या सोडू नयेत. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात.